कावळा बसला, फांदी मोडली

पत्र लिहिण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे येते, याचे मला लहानपणापासून भूषण वाटत आले आहे. लग्नपत्रिकेचा मजकूर असो, कुणाचे सांत्वन असो, नाहीतर सोसायटीच्या चिटणिसांना द्यायचा तक्रारअर्ज असो. "हिला सांगा, हिच्या हाताला गोडी आहे," असे म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला जातो. मराठी घेऊन एम.ए. झाले, कॉलेजात तोच विषय शिकवू लागले, तेव्हापासून तर हा मान कायमचाच माझा झाला. पण २०२३ च्या दिवाळीआधी आठ दिवस मी जे पत्र लिहिले, त्याची आठवण झाली की अजूनही मान खाली जाते.

माझे माहेर नाशिकचे. आजोबांपासून चालत आलेले कापडाचे दुकान आहे. त्या वर्षी ऑगस्टात दादा पडला आणि मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळला. दुकान पुतण्याने हाती घेतले. मुलगा हुशार, कॉमर्सचा पदवीधर. सगळा जमाखर्च त्याने संगणकावर चढवलेला. साड्यांचा विभाग मात्र त्याने खरेदीसकट नानांवर सोपवला. नाना म्हणजे आमच्याकडे तीस वर्षे असलेले विक्रेते. माझ्या लग्नातला शालूही त्यांनीच निवडलेला.

४ नोव्हेंबरला, शनिवारी, मी दादाला भेटायला म्हणून गेले. रात्री दुकान वाढवून पुतण्या घरी आला आणि त्याने दादाच्या हातात एक छापील कागद ठेवला. त्यावर दोन स्तंभ होते, एक उंच, एक बुटका, आणि बुटक्याच्या डोक्यावर खाली तोंड केलेला लाल बाण. साड्यांची ऑक्टोबरमधील विक्री गेल्या ऑक्टोबरच्या मानाने शंभरास चौतीस कमी!

"गेल्या वर्षात आणि या वर्षात बदललं काय?" पुतण्या म्हणाला. "माल आपला तोच, पेठ तीच. बदलली ती एकच गोष्ट. खरेदी नानांकडे गेली."

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जुलैत पहिला नंबर आला म्हणून त्यांना पाकीट दिलं होतं. तेव्हाच डोक्यात हवा गेली असणार. दिवाळी झाली की नानांना मोकळं करू. पण तीस वर्षांचा माणूस आहे, दुखावता कामा नये. तू लिही पत्र."

आणि मी ते लिहिले! 'आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल' असा प्रारंभ केला, 'आता विश्रांतीचा काळ' असा समारोप केला. मधल्या एका वाक्यात 'निवृत्ती' शब्द घ्यावा की 'सेवामुक्ती', यावर मी पाच मिनिटे विचार केल्याचे मला पक्के आठवते. ज्या आकड्यावरून हे पत्र निघाले होते, त्याचा विचार करण्यात मात्र मी एक मिनिटही घालवले नव्हते. आकड्यांचे आपल्याला काय कळते, असे म्हणण्यात आम्हा भाषेच्या माणसांना एक खोटा अभिमान असतो, तो मलाही होता.

पत्र वाचून दाखवत असताना वहिनी चकलीच्या भाजणीचा डबा घेऊन आत आली. तिने लाल बाणाचा कागद पाहिला आणि सहज म्हणाली, "गेल्या ऑक्टोबरात तर आपली दिवाळी होऊन गेली होती ना? यंदा अजून माझी भाजणी दळायचीय."

खोलीत एकदम शांतता पसरली.

२०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ साली ते १२ नोव्हेंबरला होते. म्हणजे गेल्या ऑक्टोबरच्या पोटात दसरा आणि दिवाळी दोन्ही होती, आणि या ऑक्टोबरच्या पोटात नुसता दसरा. गंमत अशी की, ज्या २४ ऑक्टोबरला गेल्या वर्षी आम्ही लक्ष्मीपूजन केले, त्याच २४ ऑक्टोबरला या वर्षी आपट्याची पाने वाटली होती! दिवाळी १२ तारखेला आहे हे काय आम्हांला ठाऊक नव्हते? मी रजेचा अर्ज त्याच हिशेबाने दिला होता, पुतण्याने दिव्यांच्या माळा त्याच हिशेबाने मागवल्या होत्या. पण स्वयंपाकघरातले ज्ञान एका खणात आणि कागदावरचे ज्ञान दुसऱ्या खणात, अशी आमच्या डोक्यांची वाटणी झाली होती. तीन पिढ्या दिवाळीवर जगलेल्या घराला ही गोष्ट भाजणीच्या डब्याने सांगावी लागली.

रविवारी सकाळी पुतण्याने हिशेब पुन्हा मांडला, आणि या वेळी पंचांग शेजारी ठेवून. दोन्ही वर्षी घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंतचे अंतर अठ्ठावीस दिवसांचेच होते. तेव्हा २०२२ च्या २६ सप्टेंबरपासून १६ ऑक्टोबरपर्यंतचे एकवीस दिवस एका बाजूला घेतले आणि २०२३ च्या १५ ऑक्टोबरपासून ४ नोव्हेंबरपर्यंतचे एकवीस दिवस दुसऱ्या बाजूला. दोन्हींत प्रत्येक वार तीन-तीनदा येतो, म्हणजे रविवारच्या गर्दीचाही फरक उरला नाही. नानांच्या साड्यांची विक्री कमी तर नव्हतीच. शंभरास दोनने जास्त होती.

आजोबांच्या वह्यांत ही चूक होऊच शकली नसती, हे दादाच्या त्या वेळी ध्यानात आले. त्यांचे वर्ष पाडव्याला सुरू होई. नव्या रोजमेळाचे पूजन लक्ष्मीपूजनाच्या रात्री, आणि पहिली नोंद पाडव्याची. त्यामुळे दिवाळी वर्षाच्या शेवटी ठरल्या जागी येऊन बसे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे दिवाळी इंग्रजी तारखांत दरवर्षी तितकी मागे सरकते, आणि अधिक महिना आला की एकदम एकोणीस-वीस दिवस पुढे उडी घेते. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून ही उडी. अर्थात आजोबांचीही पद्धत निर्दोष नव्हती. अधिक महिन्याचे त्यांचे वर्ष तीनशे चौऱ्याऐंशी दिवसांचे होई आणि एरवीचे तीनशे चोपन्न दिवसांचे. तेव्हा वर्षाची तेरीज सरळ ताडून पाहिली, तर अधिक महिनाच नफा दाखवी. मोजपट्टी कोणतीही घ्या, ती कुठे ताणते आणि कुठे आकसते हे आधी पाहावे लागते, एवढाच याचा अर्थ.

हा प्रश्न आमच्या एका दुकानाचा नाही. चीनमध्ये चांद्र नववर्ष कधी जानेवारीत येते, कधी फेब्रुवारीत. तेव्हा तिथले सांख्यिकी खाते कारखान्यांचे उत्पादन आणि किरकोळ विक्री यांचे या दोन महिन्यांचे आकडे एकत्र करूनच देते. आणि सणच कशाला? जानेवारीचे दिवस एकतीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस. रोजची विक्री अगदी तेवढीच राहिली, तरी फेब्रुवारीत जवळजवळ शंभरास दहाची घट दिसते. ती घट दुकानाची नव्हे, महिन्याची!

पण माझी खरी शिकवणी याच्या पुढे झाली. विक्री शंभरास दोनने जास्त आहे हे दिसताच पुतण्याचा चेहरा उजळला आणि तो म्हणाला, "बघा, नानांच्या खरेदीने फायदाच झाला." काल जो आकडा फाशी देत होता, तो आज हार घालू लागला. मला मात्र आता धीर नव्हता. पुण्याला परतल्यावर मी आमच्या कॉलेजातील संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले. वीस वर्षे आम्ही एकाच खोलीत चहा पीत आलो होतो, पण त्यांच्या विषयाबद्दल मी त्यांना प्रथमच प्रश्न विचारला. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "दोन टक्के वाढलं, हे खरं. पण एरवी किती हलतं?"

या एका प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे टेलिफोनची सामग्री तयार होई. वॉल्टर शूहार्ट नावाचे पदार्थविज्ञानाचे एक पदवीधर या कंपनीत होते. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना अवघ्या एका पानाचे टिपण पाठवले, आणि त्यात एक साधी आकृती काढली. मधे सरासरीची रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा, आणि त्यांच्यामध्ये वरखाली होणारे ठिपके. आज जगभरच्या कारखान्यांत वापरतात तो नियंत्रण-आलेख हाच.

शूहार्ट यांचे म्हणणे असे की, कोणतीही गोष्ट पुनःपुन्हा मोजली तर आकडा हलणारच. या हलण्याची कारणे दोन जातींची. एक जात असंख्य बारीकसारीक कारणांची. पाऊस पडला, बस चुकली, एखादी लग्नाची मंडळी शेजारच्या दुकानात शिरली. ही कारणे नेहमीच असतात आणि त्यांतले एकही बोट ठेवून दाखवता येत नाही. दुसरी जात अशी की, जिचा शोध घेतला तर ती सापडते आणि दूर करता येते. ठिपका मर्यादेच्या आत असेल तर त्याला वेगळे कारण विचारू नये. बाहेर गेला तर जरूर विचारावे. पहिल्या जातीच्या हलण्याला दुसऱ्या जातीचे समजून माणूस दर वेळी यंत्र पिळू लागला, तर हलणे कमी न होता उलट वाढते. स्वतः शूहार्ट १९४७-४८ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले आणि इथल्या कारखानदारांपुढे त्यांनी हा विषय मांडला, हेही मला त्या दिवशीच कळले.

मर्यादा काढायची कशी? वाचकांना वाटेल की यासाठी मोठे गणित लागेल. तसे काही नाही. माझ्यासारखीला जमले, तेव्हा कुणालाही जमेल. समजा, एखाद्या दुकानात आठवड्याला सरासरी चाळीस साड्या खपतात. आता प्रत्येक आठवडा आणि त्याच्या मागचा आठवडा यांतला फरक काढा. वाढ की घट ते पाहू नका, नुसता फरक घ्या. या फरकांची सरासरी समजा पाच आली. तिला २.६६ ने गुणा. उत्तर साधारण तेरा. चाळिसांत तेरा मिळवा, चाळिसांतून तेरा वजा करा. सत्तावीस आणि त्रेपन्न या दोन आकड्यांच्या मधे जे काही घडते, ते त्या दुकानाचे श्वासोच्छ्वास समजावे. एका आठवड्याला छत्तीस आणि पुढच्याला सेहेचाळीस खपल्या, तर त्यात ना कुणाचा पराक्रम, ना कुणाचा अपराध. घरच्या विजेच्या बिलालाही हा प्रयोग करून पाहावा. निदान मुलांवर पंखे चालू ठेवल्याबद्दल ओरडण्याचे दोन-तीन प्रसंग तरी टळतील.

मी प्राध्यापकांना दादाच्या पाकिटाचीही गोष्ट सांगितली. आमच्या दुकानात जुनी प्रथा आहे. महिन्यात ज्याची विक्री सर्वांत जास्त, त्याला बक्षिसाचे पाकीट. ज्याची सर्वांत कमी, त्याला दादाची बोलणी. आणि दादाचा पंचवीस वर्षांचा अनुभव असा की, पाकीट मिळालेला पुढच्या महिन्यात हटकून घसरतो आणि बोलणी खाल्लेला हटकून सुधारतो. म्हणून कौतुकाने माणूस बिघडतो, हे त्याचे ब्रह्मवाक्य.

ते हसले. म्हणाले, "तुमच्या दादांना चांगली सोबत आहे. होरेस सीक्रिस्ट."

हे सीक्रिस्ट अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी नाना प्रकारच्या व्यवसायांचे खर्चाचे आणि नफ्याचे वर्षानुवर्षांचे आकडे गोळा केले. पहिल्या वर्षी जे धंदे सर्वांत वर होते ते पुढे हळूहळू मधे उतरले, जे तळाशी होते ते मधे चढले, असे त्यांना प्रत्येक व्यवसायात दिसले. १९३३ साली त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यापारात अखेर सामान्यपणाचाच विजय होतो, असा त्याचा सिद्धान्त होता. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाचे हॅरल्ड हॉटेलिंग यांनी ग्रंथाचे परीक्षण लिहिले आणि सारा डोलारा खाली आणला. पहिल्या वर्षी जो सर्वांत वर असतो, तो थोडा गुणाने असतो आणि थोडा त्या वर्षीच्या नशिबाने. गुण पुढच्या वर्षी बरोबर येतो, नशीब येईलच असे नाही. मग तो मधाकडे सरकणारच. उलट शेवटच्या वर्षीचे वरचे आणि खालचे धंदे निवडून मागे मागे गेलात, तर तेच धंदे पूर्वी मधल्या रेघेजवळ होते असे दिसेल, म्हणजे नेमका उलटा सिद्धान्त निघेल! जे गणितानेच ठरलेले आहे ते इतक्या खटाटोपाने सिद्ध करणे, म्हणजे हत्तींना रांगांनी उभे करून पाढे सिद्ध करण्यासारखे आहे, अशा अर्थाचा टोलाही हॉटेलिंग यांनी पुढे लगावला. ही गोष्ट खरे तर फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ सालीच दाखवून दिली होती. त्यांनी दोनशे पाच जोडपी आणि त्यांची नऊशे अठ्ठावीस प्रौढ मुले यांच्या उंची ताडून पाहिल्या होत्या. फार उंच आईबापांची मुले उंचच, पण सरासरीने आईबापांपेक्षा थोडी मध्याकडे झुकलेली निघाली.

म्हणजे जुलैत पहिला नंबर आलेले नाना ऑगस्टात थोडे खाली आले, यात पाकिटाचा दोष नव्हता. ते पुढेही पहिलेच राहिले असते, तर तेच नवल. आणि पंचवीस वर्षे दादाने ज्यांना ज्यांना बोलणी दिली, ते त्याच्या बोलण्याने सुधारले नव्हते. महिना उलटला म्हणून सुधारले होते. आपल्या पूर्वजांनी हे सारे शास्त्र एका म्हणीत बसवून ठेवले आहे : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. काकतालीय न्याय मी वर्गात दरवर्षी शिकवते. पण घरच्याच फांदीवर कावळा येऊन बसला, तेव्हा तो मला ओळखता आला नाही!

तर मग आकड्यांत अर्थ नसतोच की काय? असे कुणी समजू नये. मे महिन्याच्या सुट्टीत, २०२४ साली, मी पुन्हा नाशिकला गेले आणि पुतण्याबरोबर बसून दोन वर्षांचे आठवड्याचे आकडे काढले. सणांचे आणि लग्नसराईचे आठवडे बाजूला ठेवले आणि प्रत्येक विभागाची तीन रेघांची आकृती काढली. साड्यांचा प्रत्येक ठिपका मर्यादेच्या आत. नाना निर्दोष, आणि विशेष श्रेयाचे धनीही नाहीत. पण शर्ट-पँटच्या कापडाच्या आकृतीशी येऊन पुतण्याचा हात थांबला. एकही ठिपका मर्यादेबाहेर नव्हता, लाल बाण उमटावा अशी मोठी घट एकाही आठवड्यात नव्हती. पण शेवटचे अकरा ठिपके ओळीने मधल्या रेघेच्या खाली होते. नाणे आठ वेळा उडवून आठही वेळा छापा पडण्याचा संभव दोनशे छप्पनांत एक. म्हणूनच सलग आठ ठिपके एकाच बाजूला आले की कारण शोधावे, असा या शास्त्राचा दंडक आहे. इथे तर अकरा होते.

कारण संगणकात सापडेना. शेवटी नानांना विचारले. त्यांनी घडी घालता घालता सांगितले, "ताई, आपल्या गल्लीत तीन शिंपी होते. दोघांनी दुकानं बंद केली. तिसरा आता तयार कपडेच लहानमोठे करून देतो. गिऱ्हाईक मला विचारतं, कापड घेऊ हो, पण शिवू कोणाकडे? मी दादांना बोललो होतो एकदा."

ज्या माणसाला हे उत्तर ठाऊक होते, त्यालाच आम्ही दिवाळीनंतर घरी पाठवणार होतो. आकडा फार तर 'इथे पाहा' एवढे सांगतो. काय झाले, हे गिऱ्हाइकासमोर उभा राहिलेला माणूसच सांगतो.

ते पत्र नानांच्या हाती पडले नाही. पण पडायची गरजही नव्हती. लाल बाणाचा कागद निघाला तेव्हाच पुतण्याने एका नव्या मुलाला त्यांच्या हाताखाली "काम शिकायला" बसवले होते. तीस वर्षे गिऱ्हाइकाचे मन चेहऱ्यावरून वाचणाऱ्याला याचा अर्थ कळणार नाही होय? पाडव्याला नाना घरी नमस्काराला आले, तेव्हा दादाने काठी टेकत उठून त्यांना आपल्या शेजारी बसवले आणि म्हणाला, "नाना, चूक आमची झाली. कॅलेंडर न बघता तुमच्यावर बोट ठेवलं." नाना काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "दोन रात्री झोप नव्हती. आज लागेल." वहिनीने फराळाचे ताट पुढे केले. त्यात चकली होती.

पुढे नानांच्याच सूचनेवरून दुकानाच्या माळ्यावर एका शिंप्याला बसायला जागा दिली. पुतण्याचा अधूनमधून फोन येतो. परवा म्हणाला, "आत्या, कापडाचे ठिपके पुन्हा मधल्या रेघेच्या वर गेले. शिंप्याचा गुण!"

मी विचारले, "सलग किती?"

"तीन."

"मग अजून पाच येऊ देत," मी म्हटले, आणि फोन ठेवला.